आवर घालणाऱ्या पेशी

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जुळ्या भावंडांवर शस्त्रक्रिया केल्या. ही जुळी एकाच बीजांडातून जन्मलेली, जनुकांनी हुबेहूब सारखी होती. प्रत्येक जोडीतल्या एकाला अनेक वर्षांपासून टाइप वन मधुमेह होता आणि दुसरे भावंड ठणठणीत होते. निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा एक भाग काढून तो आजारी भावंडाला बसवण्यात आला. एकसारख्या जुळ्यांमध्ये एकाचा अवयव दुसऱ्याच्या शरीराला परका वाटत नाही, म्हणून पहिल्या काही जोड्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिलीच नाहीत. बसवलेला भाग काम करू लागला, साखर ताब्यात आली, इन्शुलिनची गरज उरली नाही. मग काही आठवड्यांतच साखर पुन्हा चढू लागली.

डॉक्टरांनी बसवलेल्या स्वादुपिंडाचा तुकडा काढून तपासला. शरीराने तो अवयव नाकारलेला नव्हता. पचनरस तयार करणारा भाग शाबूत होता, रक्तवाहिन्या शाबूत होत्या, ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशीही शाबूत होत्या. त्यांच्याच शेजारी असलेल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी तेवढ्या वेचून मारल्या जात होत्या आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींचा गराडा पडला होता. मूळ बीटा पेशी नष्ट होऊन कित्येक वर्षे उलटली तरी रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेला त्यांची ओळख पक्की लक्षात होती. नव्या दिसताच तिने हल्ला चढवला.

या घटनेतून बहुतेक जण घेतात तो धडा एवढाच, की टाइप वन मधुमेह हा प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. मला तीत दडलेला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. ज्या भावंडाने आपले स्वादुपिंड दिले, त्याच्या अंगात तीच जनुके होती आणि त्याच बीटा पेशी होत्या. मग त्याच्या बीटा पेशी इतकी वर्षे सुखरूप कशा राहिल्या? त्याच्या शरीरात हल्ला करू शकणाऱ्या पेशी नव्हत्याच की होत्या, पण कोणीतरी त्यांना आवरून धरले होते?

गेल्या तीन दशकांच्या संशोधनाचा कौल दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो.

तो कसा, हे पाहण्याआधी आजाराची थोडी ओळख. पोटात जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड मुख्यतः पचनरस बनवते. त्यात विखुरलेले सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीपुंज असतात. १८६९मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांमध्ये बीटा पेशी असतात. रक्तातल्या साखरेचा अंदाज घेऊन इन्शुलिन सोडणे हे काम शरीरात त्यांच्याखेरीज कोणी करत नाही. टाइप टू मधुमेहात शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि बीटा पेशी हळूहळू थकतात. टाइप वनमध्ये त्या मारल्या जातात. गोड जास्त खाल्ल्याने, आईने गरोदरपणात काही खाल्ल्याने किंवा मुलाचे लाड केल्याने हा आजार होत नाही. हे वारंवार सांगावे लागते, कारण निदान झालेल्या मुलांचे आईवडील वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात.

बेल्जियममधले विली गेप्ट्स यांनी १९६५मध्ये, निदानानंतर लवकर मरण पावलेल्या रुग्णांची स्वादुपिंडे तपासली आणि बऱ्याच जणांच्या बेटांमध्ये त्यांना लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घुसलेल्या दिसल्या. १९७४मध्ये लंडनमध्ये जान फ्रांको बोताझ्झो आणि डेबोरा डोनियाक यांच्या गटाला रुग्णांच्या रक्तात बेटांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. आज इन्शुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या चार प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तपासल्या जातात. यांपैकी दोन किंवा अधिक ज्या मुलाच्या रक्तात आढळतात, त्याची साखर आज अगदी नॉर्मल असली तरी पुढच्या दहा वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. म्हणजे लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी आजार सुरू झालेला असतो.

मात्र अँटिबॉडी ही आजाराची खूण आहे, बीटा पेशी मारण्याचे काम त्या करत नाहीत. जन्मापासून बी पेशीच नसलेल्या, म्हणून अँटिबॉडी बनवूच न शकणाऱ्या एका मुलालाही टाइप वन मधुमेह झाल्याचे २००१मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मारण्याचे काम टी पेशी करतात. सीडी ८ जातीच्या टी पेशी बीटा पेशीला प्रत्यक्ष भिडून तिचा नाश करतात आणि सीडी ४ जातीच्या टी पेशी त्यांना चिथावणी आणि रसद पुरवतात.

टी पेशींचे शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते. तिथे अक्षरशः कोट्यवधी निरनिराळ्या ग्राहकांच्या टी पेशी तयार होतात. ग्राहक म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे ते प्रथिन, ज्याने ती आपले लक्ष्य ओळखते. हे ग्राहक जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून बनतात, त्यामुळे काही पेशी जंतू ओळखतात आणि काही शरीराचीच प्रथिने ओळखून बसतात. अशा पेशींना थायमसमध्येच बाद करण्याची सोय आहे. एअर नावाच्या जनुकामुळे थायमसमधल्या काही पेशी यकृत, त्वचा, स्वादुपिंड अशा दूरच्या अवयवांची प्रथिने स्वतःच थोडी थोडी बनवून दाखवतात. त्यांत इन्शुलिनही असते. त्याला जी टी पेशी जोराने चिकटते, तिला तिथेच मरण येते.

आता यातला एक तपशील पाहा. इन्शुलिनच्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो. काही लोकांत त्याच्या आवृत्त्या थोड्या, तर काहींत शंभरावर असतात. ज्यांच्यात त्या भरपूर, त्यांच्या थायमसमध्ये इन्शुलिन दोन-तीन पटींनी जास्त बनते आणि त्यांना टाइप वन मधुमेहाचा धोका कमी असतो. शिक्षणाच्या वेळी इन्शुलिन जितके नीट दाखवले जाईल, तितके पुढे त्याच्यावर उलटणारे कमी.

पण ही चाळणी पूर्ण कधीच नसते. २०१८मध्ये युरोपातल्या संशोधकांनी बीटा पेशीतल्या प्रथिनांना ओळखणाऱ्या सीडी ८ पेशी मोजल्या, तेव्हा त्या मधुमेही आणि निरोगी लोकांच्या रक्तात जवळपास सारख्याच प्रमाणात सापडल्या. फरक होता तो स्वादुपिंडात. मधुमेहींच्या स्वादुपिंडात त्या मोठ्या संख्येने शिरल्या होत्या, निरोगी लोकांत तशा शिरल्या नव्हत्या. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात स्वतःच्या बीटा पेशी मारू शकतील अशा टी पेशी फिरत आहेत. मधुमेह न होणे ही काही आपोआप घडणारी गोष्ट नाही. ती सांभाळावी लागते आणि सांभाळणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत.

या सांभाळणाऱ्या पेशींचा शोध वळणावळणाने लागला. १९६९मध्ये जपानमधल्या नागोया इथे यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी उंदरांच्या पिल्लांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. थायमस म्हणजे टी पेशींचा कारखाना, तेव्हा तो काढल्यावर प्रतिकारशक्ती दुबळी व्हायला हवी. झाले उलटेच. मादी पिल्लांची बीजकोश ग्रंथी त्यांच्याच प्रतिकारयंत्रणेने नष्ट केली. पुढे इतर ग्रंथींवरही असे हल्ले होताना दिसले. याचा सरळ अर्थ असा, की थायमसमधून तिसऱ्या दिवसानंतर बाहेर पडणाऱ्या पेशींमध्ये काहीतरी असे असते, जे आधी बाहेर पडलेल्यांना आवरते.

त्याच सुमारास येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन यांनी दडपशाही करणाऱ्या टी पेशींची कल्पना मांडली. दहा-बारा वर्षे त्यावर निबंधांचा पाऊस पडला. मग त्या पेशींची ओळख म्हणून सांगितले जाणारे जनुक डीएनएच्या ठरलेल्या जागी सापडलेच नाही, आणि सारी कल्पनाच बदनाम झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या विषयावर काम करणे म्हणजे आपली कारकीर्द पणाला लावणे होते. अशा काळात एक माणूस त्याच प्रश्नाला धरून बसला. शिमोन साकागुची तरुणपणी नागोयाच्या त्या प्रयोगांनी भारावून तिथे काम करायला गेले होते. थायमस काढलेल्या पिल्लांना निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या की आजार टळतो, हे त्यांनी पाहिले होते. पण कोणत्या टी पेशी? त्यांना वेगळे ओळखता येईल अशी खूण हवी होती. ती मिळायला त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

१९९५मध्ये साकागुचींनी ती खूण दाखवून दिली. सीडी ४ पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के पेशींच्या अंगावर सीडी २५ नावाचे प्रथिन भरपूर असते. या पेशी वगळून बाकीच्या टी पेशी, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्यांच्या अनेक अवयवांवर हल्ले झाले. वगळलेल्या पेशी परत मिसळल्या, तर हल्ले झाले नाहीत. त्यांना आज नियामक टी पेशी म्हणतात.

पुराव्याचा दुसरा धागा अमेरिकेतून आला. टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत किरणोत्साराचे परिणाम अभ्यासण्यासाठी उंदीर पाळले जात. १९४०च्या दशकात तिथे खपल्या धरलेल्या त्वचेची, प्लीहा आणि लसीका गाठी प्रचंड सुजलेली नर पिल्ले आपोआप जन्मू लागली. ती काही आठवडेच जगत. त्यांचे सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर आहे एवढे कळत होते. १९९०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल या गावी एका जैवतंत्रज्ञान कंपनीत मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ते शोधायला घेतले. त्या वेळी उंदराचा जीनोम कोणी वाचलेला नव्हता. गुणसूत्राचा संशयित भाग आवळत आवळत ते सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आले. त्यात २० जनुके होती. ती एकेक करून तपासली आणि दोष सापडला तो शेवटच्या, विसाव्या जनुकात. २००१मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याचे नाव फॉक्सपी ३.

आता या कथेचा मधुमेहाशी थेट संबंध येतो. मुलग्यांमध्ये आयपेक्स नावाचा एक अतिदुर्मीळ जन्मजात आजार असतो. त्यात थांबता न थांबणारे जुलाब, इसब, थायरॉइडचा बिघाड आणि अनेकदा टाइप वन मधुमेह होतो. हा मधुमेह पहिल्या काही महिन्यांत, कधी कधी तर जन्मानंतर काही दिवसांतच होतो. २००१मध्येच सिद्ध झाले, की या मुलांचेही फॉक्सपी ३ जनुक बिघडलेले असते. दोन वर्षांनी, २००३मध्ये, साकागुची आणि इतरांनी दाखवले की नियामक टी पेशी घडवणारे मुख्य जनुक हेच. या तिघांना, साकागुची, ब्रंकाऊ आणि रॅम्सडेल यांना, २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आयपेक्सच्या बाळांकडून शास्त्राला जे कळले, ते कोणत्याही उंदराने सांगितले नसते. त्यांच्या शरीरात बीटा पेशींविरुद्ध वेगळे काही नव्हते. त्यांच्याकडे फक्त आवरणारे नव्हते. तेवढ्या एका उणिवेने, एरवी पाच, दहा किंवा तीस वर्षांनी होणारा किंवा कधीच न होणारा आजार पाळण्यातच गाठतो. टाइप वन मधुमेह हा माझ्या मते मुळात आवर सुटण्याचा आजार आहे, आणि त्याला या बाळांइतका सबळ पुरावा दुसरा नाही.

नियामक पेशी आवर घालतात तरी कसा? त्यांच्याजवळ एकच युक्ती नाही. पहिली युक्ती इंटरल्युकिन-२ची. टी पेशींना वाढायला हा रेणू लागतो आणि तो हल्लेखोर टी पेशीच चेतल्यावर सोडतात. नियामक पेशी स्वतः तो बनवत नाहीत, पण सीडी २५ हा त्याच रेणूच्या ग्राहकाचा भाग असल्यामुळे तो अगदी थोडा असला तरी त्या शोषून घेतात. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने पाणी उचलले की टेलच्या शेताला ते पोचत नाही, तसे इथे घडते. इंटरल्युकिन-२च्या अभावी हल्लेखोर पेशींची वाढ खुंटते. दुसरी युक्ती सीटीएलए-४ या प्रथिनाची. डेंड्रायटिक पेशी इतर टी पेशींना लक्ष्य दाखवतात तेव्हा सोबत एक होकाराचा इशाराही देतात. नियामक पेशी सीटीएलए-४च्या साहाय्याने ते इशाऱ्याचे रेणू डेंड्रायटिक पेशीच्या अंगावरून चक्क ओरबाडून स्वतःत ओढून घेतात. मग लक्ष्य दिसते, होकार मिळत नाही, आणि टी पेशी निष्क्रिय होते. याखेरीज इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा असे शांत करणारे रेणू त्या सोडतात.

टाइप वन मधुमेहाचा धोका वाढवणारी जनुके पाहिली तर याच वाटेवरची नावे दिसतात. सीडी २५ बनवणारे जनुक आणि सीटीएलए-४चे जनुक त्या यादीत आहेत. धोक्याचा सगळ्यात मोठा वाटा मात्र एचएलए जनुकांचा आहे. प्रथिनाचे कोणते तुकडे टी पेशींना दाखवले जातील, हे ती ठरवतात.

हे प्रत्यक्ष कसे दिसते, हे जपानमधल्या शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निघालेल्या एनओडी जातीच्या उंदरांनी दाखवले. त्यांना आपोआप टाइप वनसारखा मधुमेह होतो. तीन-चार आठवड्यांच्या वयातच पांढऱ्या पेशी बेटांभोवती जमतात, पण मधुमेह होतो तो तीन महिन्यांनंतर. मधले आठवडे त्या पेशी तिथे नुसत्या बसून असतात. हार्वर्डमधल्या गटाने २००९मध्ये अशा उंदरांच्या नियामक पेशी अचानक नष्ट केल्या. काही तासांतच बेटांमधल्या नॅचरल किलर पेशी आणि त्यापाठोपाठ टी पेशी खवळल्या, आणि काही दिवसांत उंदरांना मधुमेह झाला. शत्रू आधीच दाराशी होता, त्याला रोखणारे तेवढे हटले.

माणसांतही असाच प्रकार अनवधानाने घडतो. कर्करोगावर पीडी-१ या प्रथिनाला अडवणारी औषधे आता भारतातही वापरली जातात. टी पेशींना गप्प करणारे पीडी-१ रोखले, की त्या गाठीवर तुटून पडतात. हे उपचार घेणाऱ्या सुमारे एक टक्का रुग्णांना टाइप वनसारखा मधुमेह होतो, कधी काही आठवड्यांतच. साठी-सत्तरीपर्यंत ज्यांच्या बीटा पेशी सुखरूप होत्या, त्यांच्याही बीटा पेशींवर आवर काढताच हल्ला होतो.

मग सामान्य टाइप वन रुग्णात नेमके काय बिघडते? नियामक पेशींची संख्या कमी असते, असा पहिला अंदाज होता. रक्तात मोजल्यावर ती बहुधा निरोगी लोकांइतकीच निघाली. काही रुग्णांत त्या इंटरल्युकिन-२ला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि त्यांचे फॉक्सपी ३ टिकत नाही. काहींत हल्लेखोर पेशीच दाद देईनाशा होतात. २०२१मध्ये उंदरांत असेही दिसले, की स्वादुपिंडाजवळच्या लसीका गाठीत मूळ पेशींसारख्या सीडी ८ पेशींचा साठा असतो. त्यातून हल्लेखोरांच्या नव्या तुकड्या सतत बेटांकडे जातात, आणि तिथे गेलेल्या मेल्या तरी साठा आटत नाही. मिनेसोटाच्या जुळ्यांमध्ये जी आठवण इतकी वर्षे जिवंत राहिली, तिचे घर बहुधा अशाच ठिकाणी असावे.

परिसराचाही हात आहे. फिनलंडमध्ये मुलांमधल्या टाइप वन मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. सीमेपलीकडे रशियाच्या कारेलिया भागात लोकांची एचएलए जनुकीय घडण बरीचशी सारखी असूनही ते प्रमाण सुमारे सहा पट कमी आढळले. बालपणीचे जंतू, आतड्यातली जीवसृष्टी आणि तिथे घडणाऱ्या नियामक पेशी यांच्याकडे त्यामुळे लक्ष वळले. यावरून कोणी मुलांना मुद्दाम अस्वच्छ ठेवण्याचा सल्ला काढू नये. तेवढा पुरावा या अभ्यासात नाही.

उपचारांकडे वळले की उमेद आणि संयम दोन्ही लागतात. १९८०च्या दशकात फ्रान्स आणि कॅनडात नव्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिले. काहींचे इन्शुलिन काही काळ सुटले, पण औषध थांबताच आजार परतला, आणि मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेमुळे तो मार्ग सोडावा लागला. त्यात सगळ्याच टी पेशी दाबल्या जात होत्या, आवरणाऱ्यासुद्धा. एनओडी उंदरांना शंभराहून अधिक उपायांनी बरे केले गेले आहे. त्यांतले माणसांत उपयोगी पडलेले बोटांवर मोजण्याइतके.

त्या थोड्यांतले सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे टेप्लिझुमॅब. टी पेशींवरच्या सीडी ३ला चिकटणारी ही अँटिबॉडी १४ दिवस शिरेतून देतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या, साखर थोडी बिघडू लागली होती, पण मधुमेह झालेला नव्हता, असे ७६ नातेवाईक घेतले होते. औषध न मिळालेल्या निम्म्या लोकांना साधारण दोन वर्षांत मधुमेह झाला, औषध मिळालेल्यांना तेवढ्यासाठी चार वर्षे लागली. औषधाने हल्लेखोर सीडी ८ पेशी मारल्या नाहीत, त्यांना थकलेल्या अवस्थेत नेले. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. आजार होण्याआधीच तो लांबवणारे हे पहिले औषध. आठ वर्षांच्या मुलाचा मधुमेह दहाव्या वर्षाऐवजी बाराव्या वर्षी सुरू झाला तर काय मोठेसे, असे ज्यांना वाटते त्यांनी इन्शुलिनच्या दोन वर्षांतल्या सुया, रात्री-अपरात्री साखर उतरण्याचे प्रसंग आणि आईबापांच्या जागरणांचा विचार करावा.

नियामक पेशी सरळ टोचण्याचेही प्रयत्न झाले. पोलंडमधल्या ग्दान्स्क इथल्या डॉक्टरांनी २०१२मध्ये नव्याने निदान झालेल्या मुलांना त्यांच्याच रक्तातून काढून वाढवलेल्या नियामक पेशी दिल्याचे प्रसिद्ध केले. २०१५मध्ये जेफ्री ब्लूस्टोन यांच्या अमेरिकी गटाने १४ प्रौढांना अशा पेशी दिल्या, काहींना दोन अब्जांहून अधिक. उपचार सुरक्षित ठरला आणि काही पेशी वर्षभरानंतरही रक्तात सापडल्या. पण पुढे शंभराहून अधिक मुला-किशोरांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, बीटा पेशी वाचवण्यात हा उपचार खोट्या औषधापेक्षा सरस ठरला नाही. कारण बहुधा असे, की या पेशी सरसकट होत्या. अब्जावधींत स्वादुपिंडाचा पत्ता ओळखणाऱ्या अगदी थोड्या. म्हणून आता नियामक पेशींना बीटा पेशींची प्रथिने ओळखणारे ग्राहक जनुकीय बदलाने बसवून पाहिले जात आहे.

इंटरल्युकिन-२ची कथा सावध करणारी आहे. नियामक पेशींना तो आवडतो, तर तोच द्यावा, म्हणून रॅपामायसिन या औषधासोबत तो नऊ रुग्णांना दिला गेला. नियामक पेशी वाढल्या, पण त्याबरोबर नॅचरल किलर आणि इओसिनोफिल पेशीही वाढल्या, आणि रुग्णांचे स्वतःचे इन्शुलिन तात्पुरते आणखी घटले. चाचणी थांबवावी लागली. मात्रा अगदी कमी ठेवली तर ही अडचण टळू शकते, या दिशेने नंतर काम झाले.

आपल्याकडे हा विषय परका समजणे चुकीचे आहे. टाइप वन असलेल्या मुला-किशोरांची संख्या जगात सर्वाधिक भारतात आहे, दोन लाखांहून अधिक. आपल्याकडे सडपातळ माणसांतही टाइप टू लवकर होतो, त्यामुळे तरुण वयात दोन्हींतला फरक ओळखणे अवघड जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधले एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२०मध्ये दाखवले, की युरोपीय लोकांच्या जनुकांवरून तयार केलेला टाइप वनचा धोकांक पुण्यातल्या रुग्णांतही निदानाला उपयोगी पडतो, पण भारतीयांत काही जनुकीय फरक वेगळे आहेत. ते नीट समजून घेण्याचे काम आपल्याच संशोधकांना करावे लागेल.

शेवटी वाचकांना कळकळीची विनंती. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, चूर्णे आणि गोळ्या टाइप वनवर कायमचा इलाज म्हणून विकल्या जातात. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा आवर सुटलेला असतो. तिला आणखी चेतवण्यात शहाणपण नाही. बाजारातला असा कोणताही काढा, चूर्ण किंवा गोळी इन्शुलिनची जागा घेत नाही. अशा जाहिरातींना भुलून मुलाचे इन्शुलिन एक दिवसही बंद करू नका. आणि घरातले मूल अचानक फार पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, वजन उतरले, तर थांबू नका. त्याच दिवशी त्याची साखर तपासून घ्या.